काडीची किंमत

तुमसरच्या बाजारात माझं मोबाइलचं दुकान आहे. चार्जर, हेडफोन, कव्हर, केबल, आणि काचेच्या कपाटात वरच्या फळीवर गेमचे रिमोट. रिमोट हा आमच्याकडचा शब्द, कंपनीच्या खोक्यावर कंट्रोलर लिहिलेलं असतं. दोन्ही हातांत धरायचा, दोन अंगठ्यांखाली दोन लहान काड्या असतात, त्या हलवल्या की टीव्हीवरची गाडी वळते किंवा खेळाडू पळतो.

मोबाइल विकून दुकानदाराच्या हाती फारसं काही राहत नाही. ग्राहक आपल्या फोनवर भाव बघूनच दुकानाची पायरी चढतो. राहतं ते कव्हरवर, केबलवर, आणि सगळ्यात जास्त या रिमोटवर, कारण त्याची खरी किंमत आमच्या भागात कुणालाच ठाऊक नाही. मी ते नागपूरहून आणायचो. माल बबलच्या पिशव्यांत यायचा. खोकी वेगळी, घडी घालून ठेवलेली. होलसेलवाला स्टिकरची मशीन हातात घेऊन विचारायचा, "एमआरपी कितने का मारूँ?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर सवय झाली. मी दोन हजार नऊशे नव्व्याण्णव सांगायचो. तो खट खट करत वीस स्टिकर काढायचा. खोक्यासकट एक नग मला अडीचशेला पडायचा.

हे सगळे दुकानदार करतात, असं मी स्वतःला सांगायचो. ते खरंही आहे. आणि मी ते ज्या माणसासोबत केलं त्याच्याबाबतीत या खरेपणाचा मला काडीचा उपयोग झाला नाही.

ते काकाजी सिहोऱ्याचे. मॅंगनीजच्या खाणीत फिटर होते, तीस-बत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. गावात घर आणि धानाच्या दोन-चार बांध्या, म्हणजे लहान खाचरं. निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी त्यांना लकवा मारला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, उजवा हात मात्र मागं राहिला. पुण्याला नोकरी करणारा मुलगा सुट्टीत आला तेव्हा आपलं जुनं गेमचं मशीन घरी ठेवून गेला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं म्हणे, की अंगठा आणि बोटं हलत राहिली पाहिजेत, त्यांना काहीतरी काम द्या. रबरी चेंडू दाबायचा काकाजींना कंटाळा यायचा. गाडीच्या शर्यतीचा आला नाही, गाडी वळवायचं काम मुलानं उजव्या अंगठ्याखालच्या काडीवर लावून दिलं होतं. रोज जेवण झालं की ते टीव्हीसमोर बसायचे आणि काकू शेजारी तांदूळ निवडत बसायच्या. मुलाचा जुना रिमोट लवकरच बंद पडला, म्हणून ते दोघं एसटीनं माझ्या दुकानात आले.

मी त्यांना नागपूरहून आणलेला रिमोट चोवीसशेला दिला. स्टिकर दाखवला, तुमच्यासाठी सहाशे कमी केले म्हणालो. काकाजींनी पेन्शनच्या पैशातून नोटा मोजल्या. डाव्या हातानं मोजत होते, वेळ लागत होता. काकूंनी रिमोट हातात घेऊन बघितला आणि त्या काड्या सात्यांसारख्या दिसतात म्हणाल्या. पावसाळ्यात जंगलात उगवणाऱ्या छत्र्या, आमच्याकडची रानभाजी, त्या सात्या. आम्ही तिघंही हसलो. मला ती दोघं आवडली होती. हे सांगणं भाग आहे, नाहीतर असं वाटेल की मी त्यांना गिऱ्हाईक म्हणूनच बघत होतो.

दोन महिन्यांनी काकाजी एकटे आले. धानाच्या रोवणीचे दिवस होते, बाजार रिकामा होता. गाडी आपोआप डावीकडे जाते, रस्ता सोडून कुंपणाला धडकते, असं त्यांनी सांगितलं. मी रिमोट दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडला. त्यात एक तपासणीचा चौकोन दिसतो. काडीला कुणी हात लावला नाही तर ठिपका मधोमध थांबायला हवा. रिमोट काउंटरवर ठेवलेला होता, आम्ही दोघंही त्याला शिवलो नव्हतो, आणि ठिपका हळूहळू डावीकडे सरकत होता. स्क्रीन माझ्याकडे होती. काकाजींना दिसत नव्हतं.

बदलून द्यायचा तर नवा नग जाणार. होलसेलवाला परत घेत नाही. वॉरंटी खोक्यावर छापलेली होती, पण ती छपाई कोणाची आणि कशी हे मला ठाऊक होतं. अडीचशे रुपयांचा प्रश्न होता. तेवढ्यासाठी मी म्हणालो, "काकाजी, रिमोट ठीक आहे. तुमचा अंगठाच डावीकडे दाब देऊन राहिला असन."

त्यांनी आपल्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं. मग तो थोडा उचलला, परत खाली ठेवला.

"असन बापू," ते म्हणाले. "तसंही होऊ शकते."

रिमोट पिशवीत घालून ते गेले. मी कॉम्प्युटर बंद केला. त्या दिवशी मला वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही. एक कटकट टळली असंच वाटलं. वाईट वाटायला वेळ लागला.

पुढची गोष्ट मला काकूंकडून कळली. दसऱ्याच्या आधी दोघं आले तेव्हा काकाजी बाकड्यावर बसले होते आणि त्या माझ्याशी बोलत होत्या. माझ्या दुकानातून गेल्यावर काकाजींनी आठ दिवस खेळून पाहिलं. अंगठा सरळ ठेवायचा प्रयत्न केला. गाडी डावीकडेच जायची. मग त्यांनी खेळणं सोडलं. दुसरा झटका येणार, हात आतून परत चालला, असं त्यांच्या मनानं घेतलं. सायकल सोडली. पेन्शनच्या कागदावर सही करायची तर आधी वहीत दहा वेळा गिरवून बघायचे. जेवताना घास उजव्या हातानं उचलताना काकूंकडे बघायचे, की तिला काही दिसतं का. शेवटी काकूंनी त्यांना भंडाऱ्याला डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, हात पहिल्यापेक्षा चांगला आहे, कोणी सांगितलं तुम्हाला बिघडला म्हणून?

काकूंनी एवढं सांगितलं आणि थांबल्या. कोणी सांगितलं ते त्यांनी सांगितलं नाही. मी काउंटरवरची पावती पुस्तकं सरळ करत होतो.

काकाजी बाकड्यावरून उठून आले आणि म्हणाले, नवा रिमोट दे, डॉक्टरानं खेळाले सांगतलं आहे. मी बावीसशेला दिला. पहिल्यापेक्षा दोनशे कमी. तेव्हा मला वाटलं की मी काहीतरी भरून दिलं.

दिवाळी झाली. धान कापून झालं. एका मंगळवारी, आमच्या बाजाराच्या दिवशी, काकाजी स्टीलचा मोठा डबा घेऊन आले. सोबत काकू. दुकानात गर्दी होती म्हणून ते थांबले. गर्दी सरल्यावर त्यांनी काउंटरवर वर्तमानपत्र पसरलं आणि डब्यातल्या वस्तू एकेक करून मांडायला लागले. दोन्ही रिमोट त्यांनी पुरते उघडले होते. वरची प्लास्टिकची टरफलं, रबराच्या चकत्या, थरथरणाऱ्या दोन बारीक मोटरी, सर्किटची हिरवी पट्टी, स्प्रिंगा, स्क्रू. खाणीतल्या वर्कशॉपमध्ये मशीन खोलल्यावर मांडत असतील तसंच मांडलं, ज्या क्रमानं निघालं त्या क्रमानं. हे सगळं त्यांनी उजव्या हातानं केलं होतं, आणि तो आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता.

दुसरा रिमोटही डावीकडे जायला लागला तेव्हा त्यांना शंका आली. उघडून पाहिलं. काडीच्या खाली काळी पट्टी असते, तिच्यावरून एक पत्रा घासत जातो. पट्टी इतकी पातळ की महिना-दोन महिन्यांत झिजते. त्यांनी मला ती जागा नखानं दाखवली.

"हात माहा बराच आहे," ते म्हणाले. "काडी खराब आहे. मी मनातल्या मनात किती भेलो होतो, तुले सांगतो. तुलेही बिचाऱ्याले कसं समजन, वरून काही दिसत नाही."

मी मान हलवली.

मग ते म्हणाले, मी एक हिशोब केला. आणि एकेका वस्तूवर बोट ठेवून त्यांनी सांगायला सुरुवात केली. साचा एकदा बनला की टरफलाला पंचवीसच्या वर लागत नाही. मोटरी बारा-बाराच्या. हिरव्या पट्टीचे चाळीस धर. काड्या दहा-दहा. वायर, रबर, स्क्रू मिळून तीस-एकतीस. जोडणाऱ्याची मजुरी, लय झाली तर पंधरा. मजुरीपाशी ते थोडे थांबले, आणि म्हणाले की जोडणारी बहुतेक बायाच असतील, इतकं बारीक काम. एकूण एकशे पंचावन्न.

पुढच्या फेरीला मी होलसेलवाल्याला मुद्दाम विचारलं. फॅक्टरीतून एकशे साठला निघतो, तो म्हणाला. सिहोऱ्याच्या ओसरीत बसून, एका अधू हातानं, त्या माणसानं पाच रुपयांच्या फरकानं ती किंमत काढली होती.

"मंग दोन हजार कोठी जातेत?" काकाजींनी विचारलं, आणि उत्तरही स्वतःच दिलं. कंपनी घेते, जहाजवाला घेतो, टॅक्स आहे, जाहिराती आहेत, नागपूरचे मोठे व्यापारी आहेत. खाणीतही असंच होतं, ते म्हणाले. दगड फोडणाऱ्याले काय भेटत होतं आणि बाहेर तो दगड कायच्या भावानं जात होता. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुह्याजवळ काय उरत असन यातून? खरं सांग."

इथं मला बोलायची जागा होती. त्यांनी ती आपण होऊन दिली होती. दुकानात आम्ही तिघंच होतो. मी म्हणालो, "दीडशे. कधी त्याहून कमी."

काकाजी चुकचुकले. काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी नजर काढली नाही, मी काढली.

त्या दिवशी ते रिमोट घ्यायला आलेच नव्हते. फक्त काड्या मिळतील का हे विचारायला आले होते. हिरव्या पट्टीवर कथलाचा डाग देऊन स्वतः बसवणार होते, डाग द्यायची मशीन त्यांच्याकडे खाणीच्या काळापासून होती. मी नागपूरहून सहा काड्या आणल्या. मला नऊ रुपयांना एक पडली. पंधरा दिवसांनी ते न्यायला आले तेव्हा मी नऊच रुपयांनी दिली. त्यांच्याकडून मी घेतलेली ती पहिली खरी किंमत.

काड्या खिशात घातल्यावर त्यांनी एसटीच्या थांब्याकडे बोट दाखवलं. काकू तिथं एका पोतडीजवळ उभ्या होत्या. पोतडीत दहा किलो नवा तांदूळ होता, घरच्या धानाचा. माझ्यासाठी. मी नको म्हणालो. काकाजी म्हणाले, "घे. दीड-दीडशासाठी तू मले इतक्या वेळा झेललं. आमच्या खाणीतला स्टोअरवाला तर एका बोल्टासाठी आईबाप काढत होता."

तांदूळ मी घरी नेला. बायकोनं विचारलं कुठून आणला, मी सांगितलं एका गिऱ्हाइकानं दिला. तिनं संध्याकाळी भात लावला. वास घरभर पसरला. नवा तांदूळ चिकट होतो, पण तिनं पाणी बरोबर घातलं होतं. मुलांनी दोनदा मागून घेतला. मीही जेवलो. जेवण गेलं नाही असं लिहायला बरं वाटलं असतं, पण भात चांगला होता आणि मी पोटभर खाल्ला. नंतर हात धुताना बायकोनं परत विचारलं, कोण एवढं मायेचं गिऱ्हाईक? तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. म्हणजे भावाचं सांगितलं. अंगठ्याचं सांगितलं नाही.

ती रागावली नाही. दुकान कसं चालतं हे तिलाही माहीत आहे, घरभाडं आणि मुलांची फी त्यातूनच जाते. ती एवढंच म्हणाली की तांदूळ घेतलाय तर आता ते परत करून ये. तांदूळ नव्हे, पैसे.

मी महिनाभर टाळलं. मग एका दुपारी दुकान शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून मोटरसायकलनं सिहोऱ्याला गेलो. काकाजी ओसरीतच होते. खुर्चीसमोर स्टूल, हातात रिमोट, टीव्हीवर गाडी सरळ रस्त्यावर धावत होती. त्यांनी मला आधी ते दाखवलं. काकू सुपात लाखोरीची डाळ पाखडत होत्या. पाणी आलं, चहा आला. चहा संपल्यावर मी खिशातून पाकीट काढून स्टुलावर ठेवलं. म्हणालो, दोन रिमोटचे मी तुमच्याकडून शेहेचाळीसशे घेतले. मला दोन्ही मिळून पाचशेला पडले होते. हे एक्केचाळीसशे आहेत.

काकाजींनी खेळ थांबवला. मग विचारलं, "अडीचशेले एक?"

"हो. खोक्यासकट."

"मंजे बनवाचे दीडशाच्या आसपास. माहा हिशोब बरोबर निघाला."

मी म्हणालो, एकशे साठ. मी विचारून घेतलं. ते काकूंकडे वळून म्हणाले, पाह्य, मी काय म्हणत होतो. एक क्षण त्यांना खरोखरच बरं वाटलं. मग ते बरं वाटणं चेहऱ्यावरून हळूहळू उतरलं.

त्यांनी पाकीट उघडून पैसे मोजले. या वेळी उजव्या हातानं. त्यातल्या शंभराच्या तीन नोटा वेगळ्या काढून माझ्यापुढं ठेवल्या.

"हे तुहे. एका नगाचे दीडशे. तूच सांगतलं होतं."

मी नको म्हणालो, तर म्हणाले, दुकानदाराला नफा लागतोच, नफा घेणं चोरी नाही. तो किती ते तुह्या तोंडानं मी ऐकलं, तेवढा घे. आवाज चढला नव्हता. खाणीत स्टोअरच्या वहीवर सही घेताना बोलत असतील तसं बोलत होते. मी नोटा उचलल्या. त्या खिशात घालताना जेवढी लाज वाटली तेवढी अडीचशेचा नग चोवीसशेला विकताना कधी वाटली नव्हती.

मग काकाजींनी विचारलं, "अजून काही आहे का, बापू?"

काकूंचं सूप थांबलं. त्या मान खाली घालून डाळीकडे बघत होत्या, पण पाखडत नव्हत्या. मला वाटतं त्यांना माहीत होतं. कॉम्प्युटर जोडून, तपासून, मी काय सांगितलं होतं ते काकाजींनी घरी जाऊन त्यांना सांगितलंच असणार. आणि काडी खराब निघाल्यावर त्यांनी दोन आणि दोन चार केले असणार. काकाजींनी केले नाहीत, किंवा त्यांना करायचे नव्हते. स्क्रूपासून स्प्रिंगपर्यंत सगळ्याचा हिशोब मांडणाऱ्या माणसानं तेवढा एक मांडला नव्हता.

मी म्हणालो, "नाही काकाजी. एवढंच."

सूप परत सुरू झालं.

परत येताना रस्त्यात मी एकदा गाडी थांबवली. वळून जावं असं दोन-तीनदा मनात आलं. पैशाचं सांगणं सोपं गेलं, कारण ते परत देता येत होते. तीन-चार महिने एका माणसानं आपल्या हाताकडे भीतीनं बघितलं, ते दिवस मी कशात घालून स्टुलावर ठेवणार होतो? असं मी तेव्हा स्वतःशी म्हणालो. आता वाटतं ते खोटं होतं. सांगता आलं असतं. मी भ्यालो, एवढंच त्याचं कारण. मोटरसायकल सुरू केली आणि दुकानात आलो.

रिमोट मी अजून विकतो. स्वस्तातला तो माल बंद केला. जरा बरा आणतो, पाचशे-साडेपाचशेचा, आणि आठशेला देतो. एमआरपीचं स्टिकर लावून घेत नाही. तीन-चार दुकानं सोडून एक नवा पोरगा तोच जुना माल पंधराशेला विकतो आणि माझ्यापेक्षा जास्त विकतो, कारण लोकांना वाटतं महाग तोच चांगला. कोणी बिघडलेला रिमोट घेऊन आलं तर कॉम्प्युटरची स्क्रीन मी त्याच्याकडे फिरवतो. हे मी पुण्य म्हणून सांगत नाही. स्क्रीन माझ्याकडे असली की मला तो ठिपका बघवत नाही.

काकाजी त्यानंतर दुकानात आले नाहीत. गावातल्या पोरांचे रिमोट तेच दुरुस्त करून देतात असं मी ऐकलं. काड्या कुठून आणतात माहीत नाही, माझ्याकडून नाही. काकू एकदा चार्जर घ्यायला आल्या. मी भाव सांगितला. त्यांनी पावती मागितली, नीट वाचली, घडी करून बटव्यात ठेवली. काकाजी कसे आहेत विचारलं तर बरे आहेत म्हणाल्या.

गेल्या उन्हाळ्यात मला ते बसस्थानकावर भेटले. मी नागपूरला निघालो होतो, ते सिहोऱ्याच्या गाडीची वाट बघत होते. मला पाहून त्यांनी ओळख दाखवली, धंदा कसा चाललाय विचारलं. मग आपण होऊन उजवा हात पुढं केला. मी हात दिला तर त्यांनी तो जोरात दाबला.

"पाह्य, किती जोर आला," ते म्हणाले.

खरंच जोर होता. मी म्हणालो, चांगलाच आलाय काकाजी. मला अंगठ्याचं सांगायचं होतं. ओठापर्यंत आलं होतं. त्यांनी हात सोडला, उन्हाळी धानाला यंदा पाणी कमी पडलं असं काहीतरी सांगू लागले, आणि मी ते ऐकत उभा राहिलो. त्यांची गाडी आधी आली. दांडा उजव्या हातानं धरून ते चढले.